आंधळगावचा नीलम

लग्न होऊन आंधळगावला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली एक कापडी पिशवी होती आणि तिच्यात दगड होते. सासूबाईंनी ती पिशवी हातात तोलून पाहिली आणि शेजारणीला म्हणाल्या, "आमची सून गोटे घेऊन आली, बाई. आपल्या वावरात कमी होते काय?" दोघी हसल्या, मीही हसले. माझा स्वभाव तापटच, पण पहिल्या दिवशी भांडायला मी काही वेडी नव्हते.

दगड वडिलांनी दिलेले होते. ते साकोलीकडे कायनाईटच्या खाणीवर मुकादम होते. भट्ट्यांच्या विटा करायला तो दगड ट्रक भरभरून जायचा. बहुतेक राखाडीच असायचा, पण मधूनच एखादा तुकडा जवसाच्या फुलासारखा निळा निघायचा. वडील असे तुकडे माझ्यासाठी बाजूला ठेवत. त्यांना घासून वरून पोट आलेले, अंगठीत बसतील असे गुळगुळीत खडे करायचे, हे वेड मात्र माझं स्वतःचं.

गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे सोनारकाका बसायचे. एका दुपारी मी त्यांच्यापुढे पिशवी रिकामी केली. त्यांनी एक तुकडा उचलला, कानशीने इकडून तिकडून घासला आणि मान हलवली.

"सूनबाई, हा एक दगड नाई, दोन दगड हायेत. उभा घासला तं खडूवानी झिजते, आडवा घासला तं कानस थकते. अन् मधातच बिनसलं त्याचं, तं बांबूवानी उभा चिरते. कायले जीव आटवून राहिली?"

कायले, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण कोणी नको म्हटलं की मला तेच करावंसं वाटतं. काकांनी घासायला कुरुंदाची बारीक पूड दिली, लाख दिली आणि काडीच्या टोकावर लाख वितळवून त्यात खडा कसा चिकटवायचा ते दाखवलं. खडा काडीवर बसला की हातात धरायला सोपा.

पहिला खडा गरम लाखेवर टेकवला मात्र, टच्‌ असा आवाज आला आणि त्याचे दोन झाले. दुसरा काडीवर बसला, पण घासताना एक अंग झरझर झिजलं आणि दुसरं जागचं हललं नाही. पोट यायच्या ऐवजी तो एका बाजूने दाबलेल्या लाडूसारखा दिसू लागला. तिसऱ्याचा पापुद्रा निघाला. चौथ्याच्या वेळी मी काडी अंगणात भिरकावली आणि ती नेमकी सासूबाईंच्या वाळत घातलेल्या वड्यांवर पडली.  त्यांनी दोन वड्या उचलून कोंबड्यांना टाकल्या आणि काडी मला परत आणून दिली.

हळूहळू दगडाची खोड कळत गेली. एकदम चटका त्याला सोसत नाही. मग मी चुलीवर भात शिजत असताना गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, झाकणावर खडा ठेवू लागले. भाताबरोबर तो सावकाश तापायचा आणि मग लाखेवर निमूट बसायचा. घासायचा तो उभाही नाही आणि आडवाही नाही, तिरपा, छोट्या छोट्या गोल फिरकीने, काडी सारखी वळवत, आणि हात इतका हलका की जणू झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून फिरतोय. चकाकी मात्र काही केल्या येईना. काकांनी दिलेल्या कुरुंदाच्या पुडीने दगड नुसता तेलकट दिसायचा. शेवटी मी चुलीतली धानाच्या तुसाची राख घेतली, जुन्या लुगड्याच्या कापडातून तीनदा गाळली आणि बांबूच्या ओल्या पट्टीवर त्या राखेत खडा घोळला. दोन दिवसांनी त्यात खिडकी दिसायला लागली. काका डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे मले कोणी शिकवलं नोतं." त्या दिवशी मी भाजीत दोनदा मीठ घातलं.

नणंद तांदूळ निवडत माझ्या शेजारी बसायची. तिचं पवनीच्या एका मुलाशी जमत आलं होतं. मुलगा दवाखान्यात कंपाउंडर होता. आधीच्या तीन स्थळांच्या वेळी पोटात दुखतंय म्हणून झोपून राहिलेली ही मुलगी या वेळी स्वतःच कॅलेंडर बघायची. ती म्हणाली, "वयनी, एक खडा त्यायच्यासाठी करून दे ना. साक्षगंधाच्या अंगठीत लावू." पिशवीत एकच धड तुकडा उरला होता. मी हो म्हटलं आणि पुढचे पंधरा दिवस जीव मुठीत धरून काम केलं. खडा झाला चिंचोक्याएवढा, अखंड, भरल्या पोटाचा. काकांनी तो चांदीत बसवला. मी दिवसातून चार वेळा तो उजेडात धरून बघायची.

साक्षगंधाला पवनीचे पाहुणे आले. चहा झाला, पोहे झाले, थाळीतली अंगठी मुलाच्या आईने उचलली आणि तिचा चेहराच उतरला.

"हा तं नीलम हाये," ती म्हणाली. "शनीचा खडा. हा एकाले राजा करते अन् दुसऱ्याले रस्त्यावर आणते. तीन रात्री उशाखाली ठेवून पाहा लागते, मंग बोटात घालतेत. तुम्ही न सांगता थाळीत ठेवला काहून?"

सोनारकाका पुढे होऊन म्हणाले, हा नीलम नाही, आपल्याच जिल्ह्यातला दगड आहे. "तुमचाच सोनार, तुमचंच सांगन," ती म्हणाली. सासूबाईंनी अंगठी बाजूला ठेवू म्हटलं, त्याने तर आणखीच बिघडलं. चोरी पकडली म्हणून लपवताहेत, असं तिला वाटलं. मुलाचा काका हळूच म्हणाला की आज राहू द्या, पुढं पाहू. कुंकू न लावता पाहुणे उठले की ते 'पुढं' कधी येत नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. नणंदेने मान वर केली नाही. तिच्या मांडीवरच्या हातावर टपकन एक थेंब पडलेला मी पाहिला.

मी आत गेले आणि गोधडी शिवायची सुई घेऊन आले. "मामी, नीलमावर सुई चालत नाई," मी मुलाच्या आईला म्हटलं. "हे पाहा." अंगठी घेतली, खड्याची उभी बाजू, जिकडे तो मऊ असतो, ती मला डोळे मिटूनही सापडली असती. तिथे सुई टेकवली. हात क्षणभर थांबला, हे कबूल करते. मग जोर देऊन ओढली. निळ्या पोटावर पांढरी रेघ उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तिने अंगठी जवळ घेतली, रेघेवरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि मोकळेपणाने हसली. "हाव, नाई हा नीलम." कुंकू लागलं, अंगठी मुलाच्या बोटात गेली. मी म्हटलं, मामी, जेवणं होईपर्यंत द्या, रेघ घासून काढते. ती म्हणाली, "राहू दे, पोरी. रेघ दिसली म्हणजे आमच्या घरी कोणी भेणार नाई."

संसार छान झाला त्यांचा. नणंद अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की वयनीने माझ्यासाठी आपली पंधरा दिवसांची मेहनत सुईने ओरबाडली. ते खरंच आहे. पण पूर्ण खरं मी तिला कधी सांगितलं नाही. तिचं लग्न मोडायच्या बेतात होतं, ती रडत होती, आणि त्याच वेळी तिची सासू माझ्या खड्याला नीलम म्हणाली म्हणून मी मनातून हरखून गेले होते.