परवाच तर लागत होता

काकूंचा रेडिओ मी जाळला. आधीच सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि हेच राहून जाईल.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या वहिनी. इथं हैदराबादेत, चिक्कडपल्लीत एकट्या राहायच्या, आणि आता पुण्याला लेकीकडे कायमच्या चालल्या होत्या. लेकीनं बजावलेलं, रेडिओ चालत असेल तरच आण, बंद खोकं ठेवायला घरात जागा नाही. रेडिओ काकांचा. व्हॉल्व्हवाला, लाकडी, दोन हातांनी उचलावा लागणारा. काकूंना तो न्यायचाच होता.

"लागेना झालाय गं," त्या म्हणाल्या. "मलकपेठच्या मिस्त्रीला दाखवू का?"

"नक्को काकू. मी मग इलेक्ट्रॉनिक्स कशाला शिकायलेय?"

सेकंड इयरला होते, मल्टीमीटर नवा घेतलेला, कधी एकदा मागचं झाकण उघडते असं झालेलं. भिंतीतल्या प्लगला करंट होता. वायर तपासली तर पिनेजवळ आतून तुटलेली. दहा मिनिटांत सापडलं. नवी वायर लावली, ट्रान्सफॉर्मर तपासला, तोही ठीक. इतकी खूश की मध्येच मैत्रिणीला फोटोही पाठवला.

आता, लॅबमध्ये सरांनी सांगितलेलं होतं, सेट वर्षानुवर्षं बंद असेल तर त्याला थेट करंट द्यायचा नाही. आतले कपॅसिटर पडून पडून खराब होतात. मध्ये एक बल्ब जोडायचा. काही शॉर्ट असलं तर बल्ब पेटतो आणि सेट वाचतो. हे मला आठवत होतं. म्हणून तर विचारलं, "शेवटचा कधी लागला होता काकू?"

"परवाच तर लागत होता."

मग बल्ब कशाला शोधायचा. दिलं बटण दाबून.

डायलचा पिवळा दिवा लागला. काकू खुर्ची ओढून समोर बसल्या, पदर सारखा केला, कोणी भेटायला आल्यासारखा. आधी घुंऽऽ असा आवाज, मग तो वाढतच गेला, मग वास, मग मागून धूर. मी पिन उपटेपर्यंत ट्रान्सफॉर्मरमधून मेण गळायला लागलेलं.

खिडक्या उघडता उघडता काकू म्हणाल्या, "ह्यांनी शेवटची मॅच ऐकली तेव्हा किती साफ आवाज होता."

काका जाऊन अकरा वर्षं झाली.

हैदराबादेत आमचं परवा असंच असतं, दक्खनीतल्या परसोंसारखं. त्यात दोन दिवसही बसतात आणि दहा वर्षंही. मी स्वतः शाळेतली भांडणं परवाची म्हणून सांगते. पुण्याचं कोणी फसलं असतं तर समजू शकते. आणि आत धुळीचा केवढा थर होता, मीच ब्रशनं झाडला, तरी डोक्यात आलं नाही.

"काय झालं गं?"

"ट्रान्सफॉर्मर आधीच गेलेला होता, काकू."

इतकं पटकन निघालं तोंडून. ट्रान्सफॉर्मर गेलेला असता तर डायलचा दिवा लागलाच नसता. तो लागलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, तरी माझ्यावर विश्वास ठेवला.

संध्याकाळी त्या लेकीशी फोनवर बोलल्या, मी शेजारीच बसलेले. "अगं, गेलेलाच होता तो. हिनं बिचारीनं किती मेहनत केली. नाही, नाही आणत. हिलाच देते, शिकायला कामाला येईल." मग फोनवर हात ठेवून मला, "नेशील ना? टाकू नको हं कुठं."

मी हौ म्हणाले.

पुढच्या आठवड्यात नामपल्ली स्टेशनवर त्यांना गाडीत बसवायला गेले ते खरं सांगायचं ठरवूनच. सामान लावलं, पाण्याची बाटली दिली, खिडकीशी उभी राहिले. "काकू, रेडिओचं..." एवढंच बोलले, तर त्यांनी गजांतून माझा हात धरला. म्हणाल्या, "अजून तेच घेऊन बसलीस होय? जुनं होतं गं ते. तुझा काय दोष त्यात." गाडी हलेपर्यंत त्या माझीच समजूत घालत होत्या, आणि मी घालू दिली.