ती बस का थांबली होती

जानेवारीतल्या दुपारी बंद खोलीत ताज्या मटाराच्या शेंगा सोलल्या जात असल्या, की हवेत एक कोवळा, किंचित तुरट हिरवेपणा दाटून येतो. त्या रविवारी आमच्या बैठकीत तो असाच दाटला होता. पडदे ओढून मी भर दुपारी सांज केली होती, तरी एका फटीतून उन्हाची तिरीप टीव्हीच्या कोपऱ्यावर येऊन बसत होती, आणि मी तीनदा जाऊन पडदा सारखा केला. श्रीकांत, माझे पती, मांडीवर परात घेऊन शेंगा सोलत होते. मुक्ता, एकोणीस वर्षांची आमची लेक, गालिच्यावर उशी कवटाळून पालथी पडली होती. आणि महाविद्यालयात हिंदी शिकवणारी माझी मैत्रीण शोभा खुर्चीत पाय वर घेऊन, शाल लपेटून बसली होती. मी मात्र सगळ्यांच्या मागे दाराशी उभी होते, कारण मला चित्रपट पाहायचा नव्हताच. तो पाहणारे चेहरे पाहायचे होते.

तो चित्रपट मी विसाव्या वर्षी याच शहरात, जबलपुरात, एका हौशी चित्रपट मंडळाच्या करकरणाऱ्या खुर्चीत बसून पाहिला होता. दक्षिणेकडच्या कुठल्याशा भाषेतला, पडद्यावर पावसाच्या धारांसारख्या रेघा ओढणारा. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर आणखी कोणीतरी तो शोधून पाहील आणि मला आणखी काहीतरी सांगेल, याची आता धास्तीच बसली आहे. गोष्ट म्हणावी तर एवढीशी. किनाऱ्याजवळच्या एका गावात बसस्थानकावर येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची वेळ नोंदवणारा एक माणूस आहे आणि त्याची बायको. एका सकाळी ती घराला कडी घालते, रिकाम्या हाताने बसमध्ये चढते, शेवटच्या थांब्यावर उतरते, दिवसभर समुद्राच्या काठाकाठाने चालते आणि संध्याकाळच्या बसने परत येते. ताट वाढते. नवरा जेवतो. बस्स. विसाव्या वर्षी तो पाहून बाहेर पडले तेव्हा मला वाटलं होतं, की कुणीतरी माझ्या छातीवरचा दगड उचलून बाजूला ठेवला आहे. पुढे तीस वर्षं मी तो मनातल्या मनात पाहत राहिले; आणि यंदा मुक्ताने तो कुठूनसा शोधून, रेघा पुसलेला, लख्ख केलेला, टीव्हीवर आणून दिला.

आपल्याला जीव की प्राण असलेली गोष्ट आपल्या माणसांपुढे ठेवणं हे मोठं जोखमीचं काम असतं. मी मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं: शोभा रडेल, मुक्ता उठून मला मिठी मारेल, आणि श्रीकांत परात मांडीवर तशीच ठेवून अर्ध्या तासात घोरू लागतील.

शोभा रडली नाही. नायिका वाळूवरून चालत असताना, जिथे मी दर वेळी श्वास रोखून धरते तिथेच, ती अस्वस्थ होऊन खुर्चीत पुढे सरकली आणि म्हणाली, "यार, सुबह से निकली है, इसने कुछ खाया कि नहीं?" आणि शेवटपर्यंत तिला त्या बाईच्या उपाशी पोटाखेरीज दुसरं काही सुचलं नाही. मुक्ताने मिठी मारली नाही. पडदा काळा झाल्याबरोबर तिने उशी भिरकावली. "पण ती वापस काहून आली? आई, मला तर गुस्सा येऊन राहिला. इतकं सगळं करून शेवटी ताट वाढायला?" मी तिला समजावू लागले, की ते परतणं हरणं नव्हे, तो एक दिवस तिचा एकटीचा झाला, तो आता कुणी काढून घेऊ शकत नाही. बोलताना माझाच आवाज मला वर्गात धडा शिकवल्यासारखा कोरडा वाटत होता.

आणि श्रीकांत झोपले नव्हते. परातीतले दाणे हाताने सपाट करत ते अगदी सहजपणे म्हणाले, "पण नवऱ्याला माहीत होतं ना."

"काय माहीत होतं?" मी विचारलं.

"ती कुठं आहे ते. शेवटच्या थांब्यावर बस किती वेळ उभी असते, पाहिलं नाही का? कंडक्टर चहा पिऊन राहिला, पुन्हा चहा पिऊन राहिला, पण गाडी सोडत नाही. वेळेची नोंद तर तिचा नवराच करतो. त्यानंच निरोप धाडला असेल, की ती चढेपर्यंत गाडी हलवू नका."

शोभाने टाळी वाजवली. "अरे वाह, भाईसाहब! यह तो किसी ने सोचा ही नहीं।" मुक्ताचाही राग विरघळला, ती पुन्हा तो प्रसंग लावायला धावली.  तो थांबलेल्या बसचा प्रसंग मला मात्र पाठ होता. तिरपं ऊन, टपावर बसलेले कावळे, चहाच्या पेल्यातून उठणारी वाफ. मी त्याला आजवर कातरवेळेची उदासी समजत आले होते. तिथे एखाद्या माणसाचा हेतू असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

शोभा गेल्यावर, मुक्ता आपल्या खोलीत गेल्यावर, मी मटाराची टरफलं गोळा करत विचारलं, "तुम्हाला हे कंडक्टरचं सुचलं कसं?" ते हात धुऊन आले होते, टॉवेलला पुसत म्हणाले, "सुचायचं काय त्यात. पनागरला मी पण तेच केलं होतं ना."

इथे मला तेरा वर्षं मागे जायला हवं. तेव्हा मुक्ता सहा वर्षांची होती, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि माझे दिवस औषधांच्या वेळा, वनस्पतिशास्त्राचे तास आणि डबे यांच्या एकाच घाण्यात फिरत होते. एका सकाळी मी महाविद्यालयात जाते असं सांगून निघाले आणि कटनीच्या बसमध्ये चढले. ती समोर उभी होती म्हणून चढले, असं मी स्वतःला सांगत आले आहे. वाटेतल्या पनागर गावाला बस थांबली तेव्हा उतरले, आणि दिवसभर तिथल्या भाजीबाजाराच्या कडेला, एका कडुनिंबाच्या पारावर बसून राहिले. समोर मटाराच्या शेंगांचे हिरवेगार ढीग होते, पोती शिवणाऱ्या बायका होत्या, बैलांच्या अंगाचा उबदार वास होता. मला कुणी काही विचारलं नाही. ऊन कलल्यावर एक ऑटोवाला जवळ येऊन अदबीने म्हणाला, "दीदी, जबलपुर जाना है? मैं उधर ही जा रहा हूँ।" मी बसले, घरी आले, पोळ्या लाटल्या. त्या दिवसाबद्दल कधी कुणाला एक अक्षर बोलले नाही. तो माझा चित्रपट होता; आणि तो अनोळखी ऑटोवाला म्हणजे जगाने आपणहून माझ्यावर केलेली माया होती.

श्रीकांत वीज खात्यात अभियंता होते. पनागरच्या उपकेंद्रावरच्या लाइनमनने त्या दिवशी सकाळी अकरालाच त्यांना फोन केला होता, की साहब, भाभीजी यहाँ अकेली बैठी हैं. तिला काही विचारू नकोस, असं त्यांनी त्याला बजावलं होतं, फक्त लांबून लक्ष ठेव, आणि सूर्य उतरला की ओळखीचा ऑटो पाठव. "मला वाटलं, तुला कळलं असेल," ते म्हणाले. "ऑटोवाला बोलला असेल." आणि ते बातम्या लावायला गेले.

त्यानंतरचा आठवडा मी कसा काढला, ते सांगणं अवघड आहे. मला राग आला होता आणि तो धरून ठेवायला जागा सापडत नव्हती. ज्या दिवसाला मी तेरा वर्षं एकांत म्हणत होते, त्याच्या चारी बाजूंनी पहारा होता. बाजारातल्या त्या निर्विकार गर्दीत दोन डोळे माझ्यावर टेकलेले होते. मला कुणी काही विचारलं नव्हतं ते जगाच्या औदार्यामुळे नव्हे, तशी ताकीद होती म्हणून. माझा एकुलता एक स्वतंत्र दिवस मला कुणीतरी मंजूर केलेल्या रजेसारखा वाटू लागला. पण दुसऱ्याच क्षणी, वर्गात पानांच्या शिरा फळ्यावर काढताना, भाजी निवडताना, मनात येई, की ज्या माणसाला आपण झोपाळू म्हणून बाजूला ठेवलं, तो दिवसभर फोनशी बसून असणार, आणि परत आल्यावर त्याने एका नजरेनेही जाब विचारला नाही. हे प्रेम म्हणावं तर मला ते न विचारता दिलेलं होतं. पाळत म्हणावी तर ती इतकी हळुवार पाळत मी कुठे पाहिली नव्हती. रात्रीची झोप तुटू लागली.  मुक्ताने दोनदा विचारलं, "आई, तुझी तब्येत ठीक नाही का?"

बुधवारी दुपारी तास नव्हता. मी घरी येऊन एकटीने तो चित्रपट पुन्हा लावला, आणि या वेळी त्या बाईकडे पाहिलंच नाही. कंडक्टर मडगार्डला टेकून चहा पितो. पेला ठेवतो. दुसरा घेतो. एकदा मान वळवून समुद्राकडे पाहतो. तिथे ती आहे, एक होडी आहे आणि उरलेलं सगळं पाणी आहे. तो कशाकडे पाहतो, ते काही केल्या ठरत नाही. मी तेवढाच तुकडा सात-आठ वेळा पुढेमागे केला. कधी वाटे, श्रीकांतांचं खरं आहे. कधी वाटे, हा माणूस नुसता दमला आहे. पण मला छळत होतं ते वेगळंच. तीस वर्षांत त्या गावात मागे राहिलेल्या नवऱ्याचा दिवस कसा गेला असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. दिग्दर्शकाने तो दाखवला नाही, म्हणून तो नव्हताच, असं मी धरून चालले होते.

शनिवारी सासूबाईंची पुण्यतिथी होती. दर वर्षीप्रमाणे आम्ही दोघं ऊन उतरताना ग्वारीघाटावर गेलो. नर्मदेवर हिवाळ्यातलं ते फिकट, दुधाळ धुकं उतरू लागलं होतं. झेंडूच्या ओल्या पाकळ्यांचा, कापराचा आणि गार पाण्याचा मिसळलेला वास पायऱ्यांवर रेंगाळत होता. नावाडी उगाचच एकमेकांना हाका मारत होते. पानांच्या द्रोणात दिवा लावून श्रीकांतांनी तो पाण्यावर सोडला आणि ते खालच्या पायरीवर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले आणि आठवडाभर ओठांपर्यंत येऊन परतलेला प्रश्न विचारला.

"त्या दिवशी तुम्ही दिवसभर काय केलंत?"

कुठल्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही.  "दोनदा जीप काढली," ते म्हणाले. "एकदा तर अर्ध्या रस्त्यातून वापस आलो. मग मुक्ताला शाळेतून घेऊन आलो. तिची वेणी सुटली होती, मला घालता येईना, ती रडून राहिली होती. आईला औषध दिलं, तर तिनं तुझं नाव घेऊन हाक मारली. मग खिडकीत बसलो."

"आणि मी आल्यावर विचारलं का नाही?"

"विचारलं असतं," ते म्हणाले, "तर तू सांगितलं असतं."

त्या वाक्यात इतकी वर्षं जपलेली भीती होती, की माझा सगळा राग निराधार झाला. मी समजत होते, की त्यांना सगळं माहीत होतं. त्यांना फक्त जागा माहीत होती. मी कुठे बसले आहे एवढंच त्यांना कळलं होतं. मी कुठे निघाले होते, ते लाइनमन सांगू शकला नव्हता.

मग मी सांगितलं. आजवर स्वतःलाही सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. मी फिरायला गेले नव्हते. खांद्यावरच्या पिशवीत माझी सगळी प्रमाणपत्रं होती आणि लखनौच्या एका संशोधन संस्थेचं पत्र होतं, मी त्यांना न दाखवलेलं. जबलपूरच्या फलाटावर चार ओळखीचे भेटतील म्हणून कटनीहून गाडी धरायची होती. तिकीट काढलेलं होतं. एका दिवसासाठी नव्हे. मुक्ताला मागाहून घेऊन जाईन असं काहीतरी अर्धवट ठरवलं होतं, आणि बाकी काहीच ठरवलं नव्हतं.

 चष्मा काढून श्रीकांतांनी तो नुसताच हातात धरला. पलीकडच्या काठावरची झाडं धुक्यात बुडाली, घाटावर आरतीची तयारी सुरू झाली, फुलवालीने उरलेले द्रोण टोपलीत रचले. मला वाटलं, आता ते उठून चालू लागतील, आणि तसं झालं तर मी त्यांना दोष देणार नव्हते. पण त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे वळून, कधीही न विचारणाऱ्या त्या माणसाने, अगदी हलक्या आवाजात विचारलं, "मग पनागरला काहून उतरली?"

जाण्याची कारणं माझ्याकडे होती. तेरा वर्षांत ती घासूनपुसून लख्ख झाली होती. उतरण्याचं एकही नव्हतं. बस पोती चढवायला थांबली होती, मी हवा घ्यायला खाली आले होते, आणि ती निघाली तेव्हा माझा पाय पायरीपर्यंत जाऊन परत फिरला होता, एवढंच आठवत होतं. मी बोलायला सुरुवात केली. शब्द अडखळत होते, मागचा पुढचा संबंध लागत नव्हता, आणि श्रीकांत पुढे झुकून ऐकत होते. बोलता बोलता मला जाणवलं, की या प्रश्नाचं उत्तर जे काही निघेल, ते त्यांच्याबरोबर मीही आज पहिल्यांदाच ऐकणार आहे.