पुरलेले कंद

सुतार दाराला रंधा मारत होता. सागाच्या भुशाचा वास आला आणि आमच्या बपेरा गावाजवळचा गोंडांचा टोला, ती लहानशी वस्ती, आठवला. सागाच्या लागवडीसाठी वनखात्याचे लोक तो उठवत होते. गाड्या भरून तयार होत्या, तरी म्हातारी फुलवंता वाटेतल्या खाण्यासाठी कंद खणत होती. पुन्हा उगवावं म्हणून प्रत्येक कंदाचं डोकं मोडून परत मातीत पुरत होती.

“काहून पुरून राहिली आजी? तुले तं जाचं हाय,” मी म्हटलं.

“तू खाशीन नं, पोरी.”

त्याच उन्हाळ्यात मी तिथे मजुरीवर सागाचे खड्डे खणले. ती डोकी माझ्याच कुदळीखाली फुटली.

आता सागाखाली गवतही उगवत नाही. तिथली माती वाहून आमचं तळं बुजलं, धान उभ्या उभ्या वाळतो.

आणि दार सागाचंच हवं, हे सुताराला मीच सांगितलं होतं.