चिखलदऱ्याला गेलेला प्लग

आमच्या साडूंइतका दिलदार माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही, आणि या दिलदारीपायी त्यांच्या घराची झाली तशी दैना दुसऱ्या कुठल्या घराची झाली नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. आम्ही अमरावतीला, ते अकोल्याला. त्यांच्या घरात कशाची तारीफ करायची म्हणजे चोरी. लोणचं झकास झालंय म्हणावं, तर बरणीच आपल्या पिशवीत. एकदा मी भर पावसात त्यांच्या छत्रीची मूठ सुरेख आहे असं बोलून गेलो, आणि साडू भिजत घरी गेले. एका पाहुण्यानं नुसती वेळ बघायला भिंतीवरच्या घड्याळाकडे जरा जास्त पाहिलं, तर यांनी ते उतरवायला स्टूल आणलं. "वस्तू आपल्या घरी राह्यली काय अन् लोकाच्या घरी राह्यली काय, एकच हाये ना बाप्पा!" हे त्यांचं तत्त्वज्ञान. ताई बिचाऱ्या चांगलं भांडं पाहुण्यांपुढे काढायचंच टाळतात.

निवृत्त झाल्यावर या माणसानं आपलं घर बिनतारी, स्वयंचलित करायचं मनावर घेतलं. दिवे, पंखे, कूलर, टाकीची मोटर, सगळं मोबाइलवर. हौस म्हणून सुरू झालेला हा उद्योग पुढे गरजेचा ठरला, कारण ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच सुमारास साडूंना कमी ऐकू येऊ लागलं. मग त्यांनी ताईंच्या उशाशी एक बटण बसवलं. ते दाबलं की बाहेर बैठकीतला दिवा लुकलुकायचा आणि साडू पेपर टाकून आत धावायचे. आलेले पाहुणे हे पाहून थक्क व्हायचे. आता थक्क झालेला पाहुणा साडूंच्या घरून रिकाम्या हातानं जाणार कसा? भिंतीत खोचलेला, मोबाइलवर चालणारा एखादा बिनतारी प्लग उपटून ते त्याच्या हातावर ठेवायचे. असा एक चांदूर बाजारच्या व्याह्यांकडे गेला, एक नांदगाव खंडेश्वरच्या वर्गमित्राकडे, आणि पॅसेजमधला तर थेट चिखलदऱ्याला.

वस्तू गेली, पण मोबाइलमधल्या यादीत तिचं नाव जागच्या जागी राहिलं. या बिनतारी जाळ्यात निरोप हातोहात जातो. बटण शेजारच्या प्लगला सांगतं, तो त्याच्या पुढच्याला. घराचा सगळा कारभार पाहणारी जी लहानशी डबी असते, तिच्या लेखी चिखलदऱ्याचा प्लग अजून पॅसेजमध्येच होता. ती त्याला हाका मारत बसायची आणि दमली की मग दुसरी वाट धरायची. अशा नावापुरत्या उरलेल्या उपकरणांना जाणकार लोक भुतं म्हणतात. साडूंच्या घरात त्यांचा सुळसुळाट झाला होता, कारण साडूंना मित्र फार.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ताईंनी बटण दाबलं. कोणी आलं नाही. पुन्हा दाबलं, हाका मारल्या, पण कूलरच्या घरघरीत साडूंना काही ऐकू गेलं नाही. शेवटी ताई एकट्याच उठल्या आणि न्हाणीच्या दारात पडल्या. बैठकीतला दिवा लुकलुकला तो त्यानंतर. हाड वाचलं, हे नशीब. आम्ही अकोल्याला पोचलो तेव्हा साडू इतके खचलेले होते की त्यांनी मला काही देऊसुद्धा केलं नाही.

मी त्यांच्या मोबाइलमधली यादी पाहिली आणि म्हणालो, "भाऊ, दिलेल्या प्लगांची नावं काढून टाकावी लागतील."

"नाव कापाचं?" साडू दचकले. "साडभाऊ, वस्तू देल्ली ते देल्ली. पन नावबी कापाचं म्हनजे मानूसच घरातून काढल्यासारखं वाटते मले."

आतून ताईंचा आवाज आला. "मी इथं पडून होती, अन् तुमची ते डबी चिखलदऱ्याले हाका मारून राह्यली होती!"

साडूंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "काढा, साडभाऊ."

काढणंही सोपं नव्हतं. समोरून खरोखरच उत्तर येत नाही अशी खात्री पटल्याशिवाय ती डबी एकही नाव सोडेना. एकेकाची तपासणी करायची, वाट पाहायची, 'निकामी' असं उमटलं की मग पुसायचं. साडू प्रत्येकाला निरोप देत होते. "जाय बाप्पा. जिथं हायेस तिथं सुखानं राह्य." मला हसू येत होतं, आणि हसवतही नव्हतं. शेवटी उरलेल्या उपकरणांना नव्यानं वाटा शोधायला लावल्या आणि ताईंना बटण दाबायला सांगितलं.

बोट उचलायच्या आत दिवा लुकलुकला. साडू धावले. "काय पाह्यजे?"

"काई नाई. पाहून राह्यली."

ते बैठकीत येऊन टेकतात न टेकतात तोच दिवा पुन्हा लुकलुकला. पुन्हा धावले. तिसऱ्यांदा तर पळताना चप्पल निसटली.

"आता काय झालं?"

"काई नाई म्हटलं ना," ताई म्हणाल्या. "तुमी येता का, ते पाहून राह्यली."

साडूंनी खुर्ची ओढली आणि ताईंच्या उशाशी बसले. सगळ्या मुलखाला घर वाटत सुटलेला हा माणूस इतका स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

आता ते पेपर तिथेच वाचतात. बटणाची तशी गरज उरलेली नाही, पण ताई ते काढू देत नाहीत. मधूनच, साडू अगदी हाताशी बसलेले असताना, त्या ते दाबतात. बाहेर रिकाम्या बैठकीत दिवा लुकलुकतो. साडूंना तो दिसत नाही. ते आधीच आलेले असतात.