पंचविसाव्या वर्षाचा कडा

"पंचविसाव्या वर्षी सगळे एकदम कसे मेले गं?" मी विचारलं.

"प्लेग असेल, ताई," गौरी म्हणाली.

गौरी मूळची पुण्याची, इथल्या युनिव्हर्सिटीत रोमन सैन्यावर पीएचडी करते. मी वेस्टमीडच्या हॉस्पिटलात कॅन्सरच्या ट्रायल्सचे आकडे बघते. कोण किती काळ जगलं, त्याची रेषा काढते. माणसं जातात तशी ती पायरीपायरीने उतरते. गौरीने छावण्यांच्या तुकड्यातुकड्यांत सापडलेल्या याद्या जोडून सैनिकांची तशीच रेषा काढली होती. भरतीपासून पंचवीस वर्षं ती टेकडीसारखी सावकाश उतरत आली होती आणि मग थेट कडा.

चॅप्टर शुक्रवारी द्यायचा होता. तिच्या प्रोफेसरांनी त्यावरून एका प्रदर्शनाच्या दारावरचं वाक्यही ठरवलं होतं: 'रोमने कोणालाच घरी पाठवलं नाही.' भव्य वाक्यांना पुराव्याची गरज नेहमी उशिरा भासते.

"त्यांची नोकरी किती वर्षांची असायची?"

"पंचवीस." तिने कड्यावर बोट ठेवलं. "शी! रिटायर झाले ते."

यादीतून नाव गेलं की माणूस मेला, असं तिने धरलं होतं. आमचा पेशंट पर्थला राहायला गेला, तर आम्ही त्याला मारत नाही. रेषेवर बारीक उभी खूण करतो. इथवर जिवंत होता, पुढचं ठाऊक नाही.

"सरांना तू सांगशील?"

"चॅप्टर तुझा आहे, बाई."

तिने स्पीकरवर फोन लावला. सांगितलं सगळं.

"पण ते वाक्य?" प्रोफेसर.

"चुकलंय, प्रोफेसर."

मग "नो वरीज", वरीज असल्याच्या सुरात.

रेषा पुन्हा काढली. वाटेत बरेच गेलेच होते, लढाईपेक्षा तापाने जास्त असावेत. पण शेवटी कडा नव्हता. खुणाच खुणा होत्या, गवतासारख्या दाट. खिडकीतून दुपारचं ऊन स्क्रीनवर आलं आणि मला एकेक खूण चालताना दिसू लागली. शिरस्त्राण काखेत, गुडघे कुरकुरताहेत, कोणी द्राक्षं लावायला निघालाय, कोणी नुसताच निघालाय. रेषेबाहेर, जिवंत. आम्ही त्यांना जाऊ दिलं.

चॅप्टर शुक्रवारी गेला आणि किरकोळ दुरुस्त्यांसह पास झाला. प्रदर्शनाच्या दारावर आता फक्त उघडण्या-बंद होण्याच्या वेळा आहेत, आणि त्या बरोबर आहेत. यादीत नाव दिसलं नाही, तर शोक करण्याआधी त्या माणसाची नोकरी संपली होती का, एवढं विचारून घ्यावं.