वीसपटीची दुर्बीण

पोर तीन वर्षांची होती तेव्हा मी तिला घरात कोंडून ठेवायची. दाराची वरची कडी लावायची, म्हणजे तिचा हात पुरत नाही. ती जाळीला तोंड लावून बाहेर बघायची आणि मी चुलीपाशी बसून तिच्याकडे बघायची.

आमचं घर म्हसावदपासून लांब, मळ्यात. तिन्ही बाजूंनी ऊस, समोर बांध आणि त्यापुढं पाण्याचा पाट. सासूबाई मोठ्या जावेकडे गावात राहतात. आमचे हे, पोरीचे बाबा, साखर कारखान्यात कामाला, सकाळी जातात ते दिवस मावळताना येतात. मधल्या वेळात मी आणि पोर, बस. दिवाळीनंतर बिबट्यानं आमचा कुत्रा नेला, घराच्या मागून, भरदिवसा. मी आत भाकरी थापत होते. एकदाच ओरडला तो. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उसाचं पान हललं तरी छातीत धडधड व्हायची, दम लागायचा, जिना चढल्यासारखा, बसल्या जागी.

मग मला वाटलं, आपल्याला लांबचं दिसलं पाहिजे. धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, बसलं आणि पाटापर्यंतचा बांध दिसला, तर जनावर येण्याआधी कळेल आणि पोर अंगणात खेळेल. तेवढंच हवं होतं मला, पोर अंगणात खेळायला.

ह्यांना दुर्बिणीचं सांगितलं तर हसले. पण नंदुरबारला घेऊन गेले. चष्म्याच्या दुकानात दुर्बिणी होत्या, काचेच्या कपाटात.

"काय देखनं शे, ताई?" दुकानदारानं विचारलं.

दुकानात माणसं होती. बिबट्या म्हणायची लाज वाटली मला. घाबरट म्हणतील. मी म्हटलं, "पक्षी."

"पक्षी तर मंग आठनी ल्या. आठपट जवळ दिसस."

"मोठी नही का? लांबना पक्षी शेतस."

"लांबना म्हंजे सुरतना का?"

सगळे हसले, हेसुद्धा. मी मान खाली घातली. पण शेजारी वीसची होती, जाड, काळी, ती मला दिसत होती. माझी शाळा नववीत सुटली, पण आठ आणि वीसमधलं मोठं काय ते मला कळतं. आणि आमच्या घरात वस्तू घ्यायची रीतच ती. विहिरीवर मोटर बसवायची तर पाच हॉर्सपॉवरची कोणी घेत नाही, साडेसातची घेतात, पाणी थोडं असलं तरी. हेही म्हणाले, "लेवानी ते मोठीच ले."

दुकानदारानं परत सांगितलं. "ताई, जे वीसपट जवळ येस, ते वीसपट हालस बी. हात काठीसारखा थिर नही ऱ्हास. आनि एकावेळी दिसस थोडंसंच."

मला वाटलं, आठची खपत नसेल त्याची.

घरी आले, धाब्यावर गेले, डोळ्याला लावली. काहीच नाही. हिरवं हिरवं नुसतं थरथरत होतं. मी श्वास घेतला की ऊस वर उडी मारायचा, सोडला की खाली. आमचंच दारातलं कडुनिंबाचं झाड शोधायला मला किती वेळ लागला. दोन दिवस डोकं दुखलं. ह्यांना सांगणार कसं, मीच मागितली होती ना.

तिसऱ्या दिवशी गव्हाचं अर्धं पोतं धाब्यावर नेलं, कठड्यावर आडवं टाकलं, त्यात दुर्बीण रुतवली. आणि श्वास सोडून थांबले. तेव्हा दिसलं. बांधावरचं गवत, एकेक काडी. काडीवर बसलेला टोळ.

मग मी पोरीला अंगणात सोडलं. खेळ म्हटलं, मी वरून बघते. ती माती घेऊन बसली. मी पोत्यावर वाकले.

खरं सांगते, दोन-चार दिवसच मी बिबट्या शोधला. पाटापलीकडे मिरची तोडायला बाया यायच्या, सात-आठ जणी. त्या दुर्बिणीत इतक्या जवळ यायच्या की एकीच्या कानातलं दिसायचं. आवाज येत नव्हता. तोंडं हलायची, एखादी पाठीत मारायची दुसरीच्या, सगळ्या हसायच्या, आणि मीही हसायची इकडे. दुपारी त्या बाभळीखाली जेवायला बसल्या की मीही माझी भाकरी वर न्यायची. कोणाची भाकरी जाड, कोणी ठेचा जास्त घेते, मला माहीत झालं होतं. त्यांना माझं काहीच माहीत नव्हतं.

एक दिवस अशीच बघत होते. दुर्बीण जरा डावीकडे सरकली आणि मधोमध पिवळा फ्रॉक आला. माझी पोर. केसातली माती दिसत होती, ओठाला लागलेला शेंबूड दिसत होता. इतकी जवळ, की मी हळूच म्हटलं, "इकडे ये व माय," आणि हात पुढं केला तिचं नाक पुसायला.

हात हवेत राहिला.

दुर्बिणीतून डोळे वर केले तर अंगण रिकामं. आणि लांब, पाटाच्या कडेला, उसाला लागून, पिवळा ठिपका.

कशी उतरले, माहीत नाही. चप्पल नव्हती. ओरडायचं होतं पण दम पुरेना, पळू की ओरडू. उसाची पानं तोंडावर लागत होती आणि प्रत्येक सळसळ मागून येतेय असं वाटत होतं.

पोहोचले तेव्हा पोर एका बाईच्या कडेवर होती. तीच, कानातल्याची. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुन्ही शे का व? बस आधी. पडशी."

मी बसले.

"कथा व्हती तू?"

"धाब्यावर."

"तठे काय करी ऱ्हायंती?"

"देखी ऱ्हायंतू."

"देखी ऱ्हायंती!" ती बाकीच्यांना म्हणाली. "देखी ऱ्हायंती आनि पोर पाटवर!" हसल्या सगळ्या. मग मी रडले. एकीनं पाणी दिलं.

मी बिबट्याचं सांगितलं. म्हातारी होती एक, ती म्हणाली, "शे ना, आम्हले बी दिसस. आम्ही बोलत ऱ्हातस. मानुसना आवाज येस का ते आपलं आपलं निंघी जास. तू पोरना जोडे बस आनि बोल."

बाया आणखी पाच-सहा दिवस होत्या. मग मिरची संपली, त्या दुसऱ्या गावाला गेल्या.

दुर्बीण बदलून आणली. दुकानदारानं आठची काढून दिली. ती गळ्यात असते. तिच्यात बाया आल्या असत्या तरी कानातलं दिसलं नसतं. पण ऊस, बांध, पाट सगळं एकदम दिसतं, आणि खाली केली की पोर तिथंच, हाताशी.

कडी मी आता लावत नाही. दोघी अंगणात बसतो आणि मी मोठ्यानं बोलते. पोर थोडंच उत्तर देते. म्हणून आज काय भाजी केली ते सांगते, शाळेतले पाढे म्हणते, माहेरच्या माणसांची नावं घेते एकेक करून. घसा बसतो. थांबले की ऊस ऐकू येतो, मग परत सुरू करते.

परवा हे लवकर आले. गाडी लावताना म्हणाले, "कोनसंगे बोली ऱ्हायनी एवढी?"

"बिबट्यासंगे," मी म्हटलं.

"मंग, काय म्हने तो?"

"अजून ते काही नही म्हने."

हे हसत हातपाय धुवायला गेले. मी सतराचा पाढा अर्धा सोडला होता, तो पुढं म्हणायला लागले.