साडूंची बिनमातीची झाडं

माझ्या साडूंइतका हेवा करण्याजोगा माणूस अख्ख्या दिल्लीत शोधून सापडणार नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणत नाही, आठ वर्षं जळून म्हणतो आहे. आम्ही दोघेही द्वारकेतले, मधे मेट्रोची दोनच स्टेशनं. पण माझ्या घरी येणाऱ्याला नुसता चहा मिळतो आणि त्यांच्याकडे येणाऱ्याला देखावा: खिडकीपाशी बिनझाकणाची काचेची पेटी, तीत एक वेडंवाकडं लाकूड, आणि त्या लाकडावर मातीचा कणही नसताना कोळ्यासारखे पाय पसरून मजेत बसलेली झाडं. दूरच्या दमट जंगलांत दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर राहणारी ही जात. "म्हणजे बांडगुळंच ना?" असं मी पहिल्याच भेटीत विचारून घेतलं. साडूंना राग येत नाही, हा त्यांचा आणखी एक दुर्गुण. "नाही हो राव, बांडगूळ दुसऱ्याचा रस पितं. ही नुसती टेकतात," ते म्हणाले, आणि आमची ही लगेच म्हणाली, "किती छान सांगता हो भाऊजी!" मी काही सांगितलं की ती 'अच्छा' म्हणते.

मंगळवारी आणि शनिवारी या झाडांची आंघोळ असते. दिल्लीचं जड पाणी त्यांना सोसत नाही, म्हणून परातीत फिल्टरचं पाणी घेऊन साडू त्यांना वीस मिनिटं बुडवतात, मग एकेकाला झटकून कपड्यांच्या स्टँडवर, स्वतःच्या बनियनशेजारी, चिमट्याने उलटं टांगतात. पोटात पाणी राहिलं तर ती सडतात म्हणे. पुण्याहून आलेल्या सासूबाई एकदा पातीचा कांदा समजून त्यातलं एक निवडायला बसल्या होत्या. साडूंनी ते हळूच काढून घेतलं आणि बाजारात जाऊन त्यांना खरी पात आणून दिली. मे महिन्यात लू सुटली की हॉलमधला एसी बंद, कारण कोरड्या हवेने झाडांचे शेंडे करपतात. आम्ही पाहुणे कूलरसमोर घामाघूम, आणि साडू दमटपणा मोजायच्या यंत्राकडे बघत खूश: "बिल्कुल जंगल झालंय, यार!" एवढा वेडेपणा केल्यावर माणसाची फजिती व्हायला हवी की नको? यांच्याकडे फूल येतं. झाडाला जन्मात एकदाच येणारं, लालबुंद शेंड्यातून निघालेलं जांभळं फूल, आणि ते बघायला आमची ही ठेवणीतली साडी नेसून जाते.

शेवटी मीही तशीच पेटी आणली, सात झाडांची. साडूंनी काही हातचं राखून ठेवलं असतं तर मला बरं वाटलं असतं; त्यांनी सगळं कागदावर लिहून दिलं. त्यांना वीस मिनिटं पुरतात, तर दिवसभर बुडवल्यावर माझं फूल आधी येईल, असं माझं गणित. सातही झाडं सडली, गाभे हातात आले. साडू आले, ती निरखून पाहिली, हसले नाहीत. "जरा जास्त प्रेम झालं हो," एवढंच म्हणाले. ते प्रेम नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

गेल्या वर्षी ते निवृत्त होऊन पुण्याला लेकीकडे निघाले. आदल्या दिवशी ती पेटी गाडीच्या सीटवर पट्ट्याने बांधून घेऊन माझ्या दारात हजर. "तिथे नातू रांगतोय, उघडी काच नको. तुम्ही सांभाळा."

"मी? मी सात मारलीत!"

"असू दे. माझ्याकडे येऊन यांच्याकडे एवढं टक लावून दुसरं कोणीच बघत नव्हतं. वाटायचं, चलो, एकाला तरी गोडी आहे."

मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना.

या फेब्रुवारीत त्यातल्या एकाला फूल आलं. "भाऊजींकडेसुद्धा एवढं टपोरं नव्हतं हो," ही म्हणाली. या वाक्यासाठी मी आठ वर्षं झुरलो होतो, आणि ते ऐकायला समोर साडू नव्हते. मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते फोन अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. मग मोकळं हसून म्हणाले, "राव, आज जळलो बुवा तुमच्यावर!"

इतकं सोपं होतं ते म्हणणं. "जरा जवळ धरा," ते म्हणाले. मी फोन फुलाजवळ नेला आणि हात भरून आला तरी तसाच धरून ठेवला.